टाकी रिकामी करूनच यंत्र ठेवा

कोकणात पावसाळा सरता सरता आंबा-काजूच्या बागांत बेणणी होते, पाठोपाठ भातकापणी. मजूर मिळेनासे झाल्यापासून यातले बरेचसे काम ग्रास कटरवर निघते. काम संपले की यंत्र टाकीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलसकट मांगरात टेकवले जाते, ते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. मग दोरी ओढून ओढून खांदे भरून येतात, पण इंजिन दाद देत नाही आणि खापर कंपनीवर फुटते. खरे तर ही लहान इंजिने चालवून बिघडतात त्याहून जास्त पोटात पेट्रोल घेऊन पडून राहिल्याने बिघडतात, आणि हे नुकसान टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पेट्रोल टिकाऊ नव्हे. काही महिन्यांत त्यातला पटकन पेट घेणारा हलका अंश उडून जातो आणि उरलेल्याचा हवेमुळे चिकट राप धरतो. कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र बुजायला तेवढा पुरतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले आणि ते गाठलेही. इथेनॉल हवेतली ओल शोषते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि इंजिन तळातूनच पेट्रोल ओढते. जुन्या यंत्रांतले रबरी पाइप आणि डायफ्रॅमही त्याने खराब होतात. म्हणून इथेनॉलच नको, असे मी म्हणणार नाही. ऊस उत्पादकाला त्याचा आधार आहे. रोजच्या दुचाकीची टाकी आठवड्यात संपते, तिला याची झळ फारशी लागत नाही. सहा-सात महिने पडून राहणाऱ्या यंत्राला मात्र लागते.

टाकी भरलेली ठेवली की गंज चढत नाही, असे जुने जाणते सांगतात. पत्र्याच्या टाकीपुरते ते खरे आहे, पण ग्रास कटरची टाकी प्लास्टिकची असते आणि कार्ब्युरेटर तरीही चिकटतोच. शंभरी ओलांडलेले पेट्रोल ओतून कसे द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण ओतायचे नाहीच. ऑइल मिसळलेले पेट्रोल शेवटच्या दिवशी कामातच संपवावे, साधे उरले तर दुचाकीत घालावे. मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, थंड झाल्यावर प्लग काढून टू-टी ऑइलचे चार थेंब आत सोडावेत, दोरी सावकाश दोनदा ओढावी आणि प्लग पुन्हा बसवावा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून पडवीत ठेवण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोचते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विनापरवाना ३० लिटरपर्यंत साठ्याची मुभा दिली, तीही घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात.

सरकार पॉवर वीडरसारख्या अवजारांना अनुदान देते. त्यासोबत यंत्र ठेवायचे कसे, याचे एक पानी मराठी पत्रक कृषी विभागाने द्यावे आणि विक्रेत्याने यंत्र हाती देण्याआधी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून दाखवावेत, अशी अट अनुदानाला घालायला काय हरकत आहे?