उंटवाला आणि सराफ
साठी उलटल्यावर अरबी शिकायला बसलो. प्राण्यांच्या नावांची यादी रात्री पाठ, सकाळी सपाट! ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत घरच्यांनी हसून घेतले. पण दोष यादीचा होता. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांवर उभा असतो. बाकी काम साच्याचे. ‘जमल’ म्हणजे उंट, ‘जम्माल’ उंटवाला. ‘बग्ल’ खेचर, ‘बग्गाल’ खेचरवाला. मधले व्यंजन दुप्पट, पुढे ‘आ’, की झाला धंदेवाला! आपले हमाल, दलाल, सराफ याच साच्यातले. मूळचे हम्माल, दल्लाल, सर्राफ. बँकेत जन्मभर सराफांत वावरलो, पण त्यांचे उंटवाल्याशी असलेले हे नाते कळले नव्हते. शिकवणाऱ्यांनी आधी साचा द्यावा, यादी मागाहून. मात्र ‘जमाल’ म्हणजे सौंदर्य, म्हणून उंटाला देखणा ठरवायची घाई नको. आणि घोडा ‘फरस’, पण स्वार ‘फारिस’. तो साचा आपल्या हाकिमाचा.