साचेबंद चालींचे समाजशास्त्र

लोकप्रिय संगीताविषयीच्या विद्यापीठीय चर्चेत आजही ज्याचा आधार घेतला जातो, तो थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंताचा १९४१ सालचा निबंध म्हणजे मुळात त्या संगीतावरचे आरोपपत्रच होते. अमेरिकेतील गाण्याच्या धंद्यात रचनेचा आराखडा, लांबी आणि भाव आधीच ठरलेले असतात, त्याला त्याने साचेबंदपणा म्हटले. आणि त्या साच्यात एखादी किरकोळ निराळी जागा घालून श्रोत्याला जे नावीन्य भासवले जाते, ते त्याच्या मते आभासी वेगळेपण होते. हे निदान खोटे नव्हे, परंतु त्यातला श्रोता केवळ सोसणारा आहे.

१९८१ साली लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, त्या सुमारास गाणे कोण काढतो, कोण विकतो आणि ते कोणत्या वस्तीत वाजते, हे प्रश्नही अभ्यासाच्या कक्षेत येऊ लागले होते. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतापुरते दाखवले, की एका ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी स्वस्त कॅसेटने मोडली आणि चित्रपटगीतांच्या सावलीत राहिलेल्या बोलींना व भजनांना बाजार मिळाला. मात्र त्याच कॅसेटने धार्मिक विद्वेषही घरोघरी नेला, हे त्यांनी दडवले नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नांची खरी कसोटी आंबेडकरी चळवळीतल्या भीमगीतांवर लागते. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची रचना जलशांतून आणि गायन पार्ट्यांतून फिरत होतीच. पुढे प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचे आवाज कॅसेटवर आले आणि चैत्यभूमी व दीक्षाभूमीच्या परिसरातील विक्रीच्या पालांवरून ते गावोगाव पोहोचले. यांतील कित्येक गीते गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असतात, आणि अडोर्नोच्या कसोटीवर ती दुहेरी साचेबंद ठरतील. परंतु चाल आधीच तोंडात बसलेली असल्यामुळे नवे शब्द एका रात्रीत सामूहिक होतात, आणि ही सोय चळवळीने जाणीवपूर्वक वापरली. उसनी चाल म्हणजे प्रतिभेचे दारिद्र्य, हा मध्यमवर्गीय शेरा इथे निव्वळ उथळ आहे (नाट्यसंगीतानेही चाली मुक्तहस्ते उचलल्या, पण त्याबद्दल तसा शेरा सहसा ऐकू येत नाही).

अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीतापासून जनसंगीत, म्हणजे माध्यमे आणि बाजार यांच्या आधाराने पसरणारे संगीत, वेगळे काढले, आणि शर्मिला रेगे यांनी २००२ साली लावणी व पोवाडा यांची चर्चा जात आणि लिंगभाव यांच्या अंगाने केली. भीमगीतांच्या बाबतीत या दोन वाटा अजून पुरेशा जुळलेल्या नाहीत: शब्दांचे साहित्य म्हणून विवेचन होते, पण ढोलकीचा ठेका, कव्वालीचा बाज आणि ध्वनिमुद्रणाचे अर्थकारण यांचे एकत्रित विश्लेषण क्वचितच दिसते.