लॉग बंद करू नका, त्याला हद्द घाला!

परवाच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच तक्रार लिहिली: "दादा, बिलिंगचा सर्व्हर दर दोन-तीन दिवसांनी अडकतो, रीस्टार्ट केला की परत पळतो." याच दुखण्यातून मी स्वतः गेलोय, म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो.

माझं मेन दुकान शहापूरला, दुसरं काउंटर मुरबाडला. दोन्हीकडे छोटा रास्पबेरी पाय सर्व्हर म्हणून ठेवलाय, 1 जीबी रॅमचा. दोन वर्षांपूर्वी म्हशाच्या यात्रेआधी मुरबाडला गिऱ्हाईकांची रांग लागलेली आणि बिलिंग बंद पडलं. पोरगं फोनवर म्हणालं, "शेठ, रीस्टार्ट मारू का?" म्हटलं, मार. चाललं. तिसऱ्या दिवशी परत तेच. किन्हवली-सरळगाव रस्त्याने माझ्या फेऱ्याच सुरू झाल्या.

चौथ्या वेळी मी रीस्टार्ट करू दिला नाही. आधी जाऊन मेमरी बघितली, तर अर्धी रॅम नुसत्या लॉगने खाल्लेली!

हे झालं कसं? मशीन बसवताना, मेमरी कार्ड लवकर खराब होऊ नये म्हणून लॉगचं फोल्डर रॅममध्ये ठेवलं होतं. आयडिया चुकीची नाही, बरेच जण करतात. पण साईज लिहायची राहिली. लिनक्समध्ये रॅममधल्या अशा फोल्डरला मर्यादा दिली नाही, तर ते रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतं. म्हणजे माझ्याकडे जवळपास 512 एमबी. त्यात बारकोड स्कॅनरची केबल ढिली. स्कॅनर सतत तुटायचा-जोडायचा, प्रत्येक वेळी लॉगमध्ये आठ-दहा ओळी, त्याही दोन-तीन फाईलींत. रॅम संपली की लिनक्स स्वतःच एखादा मोठा प्रोग्राम मारून टाकतो. आमच्याकडे बळी गेला डेटाबेसचा.

आता खरी गंमत ऐका. रीस्टार्ट केला की रॅम रिकामी होते, म्हणून सगळं सुरळीत चालतं. पण त्याच क्षणी लॉगही पुसला जातो. म्हणजे चोर कोण हे ज्या वहीत लिहिलं होतं, ती वही आपणच तीन वेळा जाळली!

म्हणून माझं म्हणणं: "लॉग बंदच करून टाका" हा सल्ला घेऊ नका. आपल्या तालुक्यात भातसा धरण आहे. पाणी जास्त होतं म्हणून कोणी धरण फोडत नाही, दरवाजे बसवतात. लॉगचंही तसंच.

करायचं काय?

1. रीस्टार्टच्या आधी मेमरी आणि लॉग फोल्डरची साईज बघा. फोटो काढून ठेवा.

2. जर्नल-डीच्या सेटिंगमध्ये दोन ओळी असतात. 'रनटाइम मॅक्स यूज' ही रॅममधल्या लॉगसाठी, 'सिस्टम मॅक्स यूज' ही डिस्कवरच्या लॉगसाठी. मी रॅमसाठी 30 एमबी ठेवलंय. हद्द भरली की जुनं जातं, नवं राहतं.

3. ही हद्द फक्त जर्नलला लागते. साध्या टेक्स्ट फाईली वेगळ्या असतात, त्यांना लॉगरोटेट. तो सहसा दिवसातून एकदाच चालतो, म्हणून रॅममधल्या फोल्डरलाही स्वतःची साईज द्याच.

4. मूळ कारण शोधा. माझ्याकडे ते एक केबल होती.

आणि एक गल्लत करू नका. सिस्टम लॉग वेगळा, हिशेब वेगळा. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने ठेवावे लागतात. कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशात सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, कंपन्या यांना सिस्टम लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलंय. तुमचा धंदा त्यात बसतो का, हे सीएला विचारा. बसत असेल तर लॉग रोज दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग रॅममध्ये हद्द घाला.

आपण गिऱ्हाईकाला उधारी देतो, पण लिमिट ठरवून. मशीनला मात्र बिनलिमिट देतो आणि ऐन सीझनला रडतो. मशीन बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी एवढंच विचारा: "लॉगला हद्द किती ठेवलीस?" उत्तर आलं नाही, तर तिथेच बसून करून घ्या.

कमांड व्हिडिओत स्क्रीनवर दाखवल्यात. तुमच्या मशीनचा आकडा किती निघाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!