झाडाची किंमत आणि झाडाचा धनी

उभ्या झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये, त्यांपैकी ४५,००० रुपये केवळ प्राणवायूचे! सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या पाच तज्ज्ञांच्या समितीने २०२१ साली हा हिशेब मांडला. पश्चिम बंगालमधील जेसोर रोडवरील ३५६ झाडे रेल्वेवरील पुलांसाठी तोडायची होती, त्या प्रकरणातला हा अहवाल. शंभरी ओलांडलेल्या झाडाची किंमत कोटीच्या वर जाऊ शकते, असेही समितीने नमूद केले. निसर्गप्रेमी वर्तुळांत आनंदीआनंद झाला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तोडीला परवानगी दिली.

पूल नकोत, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप मूळ भ्रमाला आहे. किंमत चढवली की झाड वाचते, हा तो भ्रम. भांडवलशाहीत किंमत लावणे म्हणजे वस्तू विक्रीस काढणे होय. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला आकडा अडवीत नाही. उलट तो आकडाच त्याचा परवाना बनतो.

पुरावा जंगलातच आहे. २००८ साली वनजमिनीचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरले. अशी ठरलेली रक्कम आणि पर्यायी वनीकरणाचा खर्च भरला की खाणवाल्याचा मार्ग सुकर होतो. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी, सरपण आणि ओढ्याचे पाणी गमावतो तो आदिवासी. भरपाई मात्र जमा होते सरकारी निधीत. २०१६ च्या कायद्याने त्या निधीचे ९० टक्के राज्यांना आणि १० टक्के केंद्राला दिले. ग्रामसभेला हक्काचा वाटा शून्य!

यावर वनखात्याचे ठरलेले उत्तर असे की, जंगल गावाच्या हाती दिले तर कुऱ्हाड चालेल. या खात्याच्या हाती १९२७ चा वसाहती कायदा आहे. त्या कायद्याने गवतवर्गीय बांबूला 'झाड' ठरविले. २०१७ च्या दुरुस्तीनेही केवळ वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून सुटला. बुरुडाने चार बांबू तोडले तर गुन्हा, कागद गिरणीने डोंगर बोडका केला तर करार! कुऱ्हाड कोणाची, हे यावरून उघड आहे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने या आरोपाला कृतीने उत्तर दिले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मात्र संघर्षानंतर २०११ साली हाती आला. तेव्हापासून बांबूचा सौदा ग्रामसभा करते, गावाला मजुरी मिळते आणि जंगल उभे आहे.

तो २००६ चा कायदा कोणाच्या औदार्याने आला नाही. त्यामागे आदिवासी संघटनांची दीर्घ लढाई आणि संसदेतील डाव्यांचा रेटा होता. म्हणूनच तो आतून पोखरण्याचे प्रयत्न अखंड चालू आहेत. २०२२ च्या नियमांनी केंद्राची अंतिम मंजुरी ग्रामसभेच्या संमतीपासून मोकळी केली. आधी जंगल द्यायचे आणि लोकांना मागाहून विचारायचे, ही ती नीती.

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे: संमतीवाचून मंजुरी नको, वनीकरणाचा निधी ग्रामसभेच्या हाती द्या, सामूहिक हक्कांचे दावे तातडीने निकाली काढा. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील प्रलंबित दाव्यांची यादी करून या कामास हात घालावा. झाडाची किंमत काय, हा बाजाराचा प्रश्न आहे. झाडाचा धनी कोण, हा आपला.