तिकीट इतके महाग का? कोल्डप्लेच्या निमित्ताने

२२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे बुकमायशोवर विक्रीला आली. दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. एक कोटीहून जास्त लोक रांगेत होते, तिकिटे बघता बघता संपली आणि तीच दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावात दिसू लागली.

वस्तीतल्या मुलांशी बोललो की ती म्हणतात, "मोठा बँड आहे, महाग असणारच." आम्हाला हे उत्तर अर्धेच वाटते. खर्च मोठा असतो, हे खरे. कॅसेट-सीडीची कमाई गेली, स्ट्रीमिंगमधून बहुतेक कलाकारांना फुटकळ पैसे मिळतात, म्हणून सगळा भार दौऱ्यांवर आला. पण दाराची किल्ली कोणाकडे आहे, हेही पाहायला हवे. अमेरिकेत कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन आणि तिकिटे विकणारी तिकीटमास्टर २०१० मध्ये एक झाल्या. मे २०२४ मध्ये तिथल्या न्याय विभागाने या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. आपल्याकडेही बुकमायशो तिकिटे विकते आणि कार्यक्रमही भरवते. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीट व्यवसाय २,०४८ कोटींना घेतला. म्हणजे या धंद्यात मोठी दुकाने मोजकीच.

काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. नियम करणे हे सरकारचे आणि विधिमंडळाचे काम, अशी न्यायालयाची भूमिका होती. आपल्या आमदारांना यावर प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता थोडे घरचे. भीमजयंतीच्या गाण्यांना तिकीट नसते. आंबेडकरी जलसे लोकांच्या दारात जाऊन झाले, ती परंपरा आपण टिकवली याचा आम्हाला अभिमान आहे. पण बिनतिकिटाच्या कार्यक्रमालाही खर्च असतोच. वर्गणी जमली की डीजे आणि मंडपवाल्याचे पैसे आधी चुकते होतात. ढोलकीवाल्या दादाला आणि कोरसमधल्या ताईला पाकीट मिळते रात्री दोनला, तेही ठरल्यापेक्षा हलके. त्या ताईला सकाळी पुन्हा कामावर जायचे असते. ३५,००० च्या तिकिटावर आपण तावातावाने बोलतो. मंडळाच्या बैठकीत या पाकिटाचा विषय निघाला की मात्र "समाजाचे काम आहे" म्हणून तो गुंडाळला जातो. यंदाच्या जयंतीचा हिशेब वाचाल तेव्हा गायन पार्टीचे मानधन कितव्या ओळीत आहे, तेवढे बघा.