दोष करिझ्माचा नव्हे, बदललेल्या सायलेन्सरचा



‘जुन्या वेगवान गाड्यांचा हव्यास’ या लेखातले बहुतेक मुद्दे पटण्यासारखे नाहीत.

लेखक हिरो होंडाच्या करिझ्मा या मोटारसायकलला ‘प्लास्टिक चढवलेली दीडशे सीसी’ म्हणतात. २००३ साली आलेल्या या गाडीचे इंजिन २२३ सीसीचे, ताकद सुमारे १७ अश्वशक्ती. पुढचे आवरणही शोभेचे नाही. लांबच्या प्रवासात ते छातीवर येणारा वारा अडवते.

‘अशी गाडी फक्त सुसाट पळवायला घेतात’ हा दुसरा आरोप. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर गाठणाऱ्याला विचारा. ताशी ८० किलोमीटरला इंजिन कण्हत नाही, हँडल थरथरत नाही. उसाची ट्रॉली ओलांडताना मूठ जरा पिळली की लागेल तेवढा जोर लगेच मिळतो. ओढ या राखीव ताकदीची आहे.

कानठळ्यांची तक्रार रास्त आहे. पण तो आवाज कंपनीच्या सायलेन्सरचा नव्हे. मूळ सायलेन्सर काढून बेकायदा नळकांडे बसवणाऱ्यांना जरूर दंड करा.

‘जुनी म्हणजे भंगार’ हेही चूक. १५ वर्षांनंतर तपासणीत उत्तीर्ण झालेल्या गाडीची नोंदणी कायद्यानेच ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. करिझ्माला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही, हे खरे. म्हणून पुढच्या वाहनापासून अंतर राखूनच ती चालवावी. तेवढ्या कारणाने नीट जपलेली गाडी मोडीत काढा म्हणणे अन्यायाचे आहे.

— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)