वेगळी खोली हवी, वेगळी चूल नको

परवा शनिवारी एका शाळूसोबत्याचा फोन आला. हा प्राणी भूजलात काम करतो. म्हणजे गावोगाव हिंडून विहिरींची पातळी मोजायची आणि ती नकाशावर मांडायची. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "अरे, तुमच्या त्या सॉफ्टवेअरसाठी आमच्यासारख्यांचा पुन्हा वेगळा ग्रुप काढताय म्हणे. मागच्या वेळी काय झालं ते विसरलास वाटतं?"

विसरलो कसला! आज तेच लिहायचं ठरवलंय.

आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात एक छोटंसं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळतो. जुने नकाशे आणि जीपीएसचे बिंदू एकावर एक बसवायचे, एवढंच त्याचं काम. सगळ्यांची मिळून एकच मेलिंग लिस्ट होती. तिथे रोज "इन्स्टॉल होत नाही", "स्क्रीन काळी दिसते" असल्या प्रश्नांचा पाऊस. त्यात या भूजलवाल्यांचा एखादा नेमका, अवघड प्रश्न यायचा आणि वाहून जायचा. उत्तर द्यायला कुणी नाही म्हणे म्हणे तो तिसऱ्या पानावर! शेवटी २०११ मध्ये मीच त्यांना वेगळी लिस्ट काढून दिली. कॉलर ताठ करून फिरलो.

आठ महिने तिथून एकही तक्रार आली नाही. मला वाटलं, वा, सगळं आलबेल आहे!

कसलं आलबेल... आमच्यापैकी एकही डेव्हलपर त्या लिस्टवर नव्हता. मीसुद्धा नाही. आणि तिथे जे चाललं होतं ते असं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या हिशोबावर बेतलेल्या आहेत, जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ वर. पृथ्वीचा आकार केवढा आणि तिचं केंद्र कुठे धरायचं, याचे हे दोन वेगळे हिशोब. एकातून दुसऱ्यात जाताना आकार तर बदलावा लागतोच, पण केंद्रही सरकवावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर आकार बदलायचं आणि केंद्र सरकवायचं विसरायचं. सरळसरळ बग!

पण ही मंडळी हुशार. त्यांनी आपापसात तोडगा काढला : पुण्याच्या बाजूला बिंदू किती सरकवले की विहीर विहिरीवर बसते, ते आकडे शोधले आणि एका एक्सेल शीटमध्ये घालून एकमेकांना वाटले. तिकडे ते चाललंही. मग कुणीतरी तेच आकडे चंद्रपूरकडच्या शीटला लावले. आता हा फरक सगळीकडे सारखा नसतो, पूर्वेकडे जावं तसा बदलत जातो. परिणामी एका बंधाऱ्याची खूण नकाशावर भलतीकडेच पडली, पन्नासेक मीटर लांब. जागेवर गेलेल्या माणसाला नाला सापडेना, म्हणून निभावलं. नाहीतर गावाचा पैसा आणि एक उन्हाळा मातीत गेला असता.

बग दुरुस्त करायला मला एक संध्याकाळ पुरली. आठ महिने तो मला माहीतच नव्हता, याची लाज मात्र अजून वाटते.

आता तुम्ही म्हणाल, मग वेगळी लिस्ट काढणंच चूक. इथे माझं मत वेगळं आहे. सगळ्यांना एकाच पंगतीला बसवण्याचा आग्रह वरवर समतेचा वाटतो, पण त्यात विशेष कामवाल्या माणसाचा आवाज सर्वात आधी बुडतो. तो भांडत नाही. मुकाट्याने उठून जातो.

'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचं बघा. १९९७ पासून त्यांची सर्वसाधारण मदतीची लिस्ट आहे. नकाशावाल्यांसाठी २००३ मध्ये 'आर-सिग-जिओ' ही वेगळी लिस्ट निघाली. फरक एवढाच, की रॉजर बिवंडसारखी स्वतः पॅकेजेस लिहिणारी माणसंच तिथे उत्तरं देत बसली. त्या चर्चेतल्या लोकांच्या हातून २००५ मध्ये 'एसपी' हे पॅकेज आलं आणि स्थानिक माहिती कशी साठवायची याची एक सामाईक रीत पडली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये 'आरजीडाल', 'आरजिओस' ही जुनी पॅकेजेस निवृत्त झाली, तेव्हा त्याची सूचना लोकांना खूप आधीपासून मिळत होती. सांगणारा आणि ऐकणारा एकाच खोलीत होते ना!

लिनक्स कर्नलची तऱ्हा अजून रोखठोक. त्यांच्या सोर्समध्ये 'मेंटेनर्स' नावाची फाइलच आहे. कुठला भाग कोण सांभाळतो आणि त्याची चर्चा कुठल्या लिस्टवर होते, हे तिथे शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. डेबियनचा वैद्यकीय गट २००२ पासून चालू आहे. त्यांनी डॉक्टर-जीवशास्त्रज्ञांसाठी वेगळं डेबियन काढलं नाही. त्यांची सगळी पॅकेजेस मूळ डेबियनमध्येच जातात.

थोडक्यात काय, घरातल्या अभ्यास करणाऱ्या पोराला वेगळी खोली द्यावी. पण जेवायला त्याने स्वयंपाकघरातच यावं आणि आईने अधूनमधून खोलीत डोकवावं. खोलीतच चूल मांडली की मग ते बिऱ्हाडच वेगळं होतं.

म्हणून या वेळी वेगळा ग्रुप काढताना मी तीन अटी घातल्यात. एक, कोड लिहिणारा निदान एक जण तिथे रोज असेल, आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत असेल. तो नसेल त्या दिवशी ग्रुप बंद करायचा, उगाच चालू आहे असं दाखवायचं नाही. दोन, तिथे सापडलेला प्रत्येक तोडगा सामाईक बग-यादीत नोंदवायचा. कारण ज्याला ते 'तोडगा' म्हणतात, तो बहुतेक वेळा आमचा बग असतो. तीन, चर्चा कुणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवायची, म्हणजे आजचा नवशिका उद्या तिकडे वळू शकेल.

मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पण तो रोज बसणारा एक जण कोण?"

आता कोण असणार! :-) पहिला प्रश्न त्याने काल रात्रीच टाकलाय. उत्तर अजून द्यायचंय, तेव्हा इथेच थांबतो.